उष्टे थेंब

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या देवस्थान समितीचे आधारस्तंभ माननीय भैय्याजी पालांदूरकर, सत्कारमूर्ती डॉक्टर अनंतराव देवतळे, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौभाग्यवती यमुताई, समितीचे सभासद आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या लकडगंजातल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी रामाजी, समितीतला एक साधा सभासद, खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस. चार शब्द बोला असं मला सांगितलं आहे. ते जरा लांबले तर सांभाळून घ्या.

आपल्या देवळाच्या ओसरीवरचा धर्मार्थ दवाखाना डॉक्टरांनी इतकी वर्षं चालवला. आता ते उमरेडला, धाकट्या भावाकडे राहायला जात आहेत. एवढ्या वर्षांत ते गाभाऱ्यात किती वेळा आले असतील? मी तरी पाहिलं नाही. पण ओसरीवर बसलेल्या रांगेतला एकही माणूस त्यांनी नीट तपासल्याशिवाय परत पाठवला नाही. पूजा कशाला म्हणावं, हा प्रश्न मला त्यांच्यामुळे पडला.

डोळ्यांचे थेंब देताना ते पहिला थेंब रोग्याला आपल्यासमोर घालायला लावत. आधी हात धुवायचे, खालची पापणी ओढायची, आणि बाटलीचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही. आपले धोंडबा हमाल डोळे गच्च मिटून थेंब सोडायचे, तो ओघळून थेट मिशीत जायचा. डॉक्टर म्हणाले, "धोंडबा, मिशीचं दुखणं मी पाहत नाही." हसताय ना, धोंडबा? हसा. पण त्या दिवसापासून तुमचा थेंब डोळ्यातच पडतो.

आता एका पेटीची गोष्ट. ती बोलण्याची ही जागा आहे का? कदाचित नसेल. पण दुसरी जागा मला उरलेली नाही.

मागे आपण देवळात औषधदानाची पेटी ठेवली होती. घरात उरलेलं औषध लोक श्रद्धेनं त्यात टाकत. ते गरिबाच्या कामी यावं, ही कल्पना भैय्याजींची. तिच्यातल्या दयेबद्दल कुणी शंका घेऊ नये. एकदा डॉक्टर लग्नकार्याला बाहेरगावी गेले होते आणि प्रयागबाईंचे डोळे आले. प्रयागबाई कोण, हे सांगायला नको. गोदामात डाळ निवडतात आणि आपल्या महाप्रसादाची डाळही त्याच निवडतात. एक खडा कधी दाताखाली आला नाही. त्या कण्हत पायरीवर बसल्या होत्या. भैय्याजींनी पेटीतली एक बाटली काढली आणि स्वतःच्या हातानं थेंब घातले. बाटली त्यांच्या पदरात बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी डोळ्याची लाली उतरली. बाई म्हणाल्या, "देवच पावला गा." चार दिवसांत डावा डोळा उघडेना. डॉक्टर परतले, त्यांनी पाहिलं आणि लगेच रिक्षा बोलावली. मोठ्या दवाखान्यात डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं ते पडलंच. तिथं रोज डबा कोण नेत होतं? भैय्याजी. हेही आज सांगितलं पाहिजे.

डॉक्टर परतले त्याच संध्याकाळी याच मंडपात त्यांचं आणि भैय्याजींचं वाजलं. डॉक्टर पेटीतल्या उघड्या बाटल्या एकेक करून मोरीत ओतत होते.

"दानाले नाही म्हणता, डॉक्टर?" भैय्याजी कडाडले. "लोक श्रद्धेनं आणून राहिले!"

"भैय्याजी, कुणी अर्धी खाल्लेली पुरणपोळी नैवेद्याला आणली तर ठेवाल?"

"उष्टं कसं ठेवीन मी देवापुढं?"

"मग हे उष्टंच आहे." डॉक्टरांनी एक बाटली दिव्यासमोर धरली. "गंगाजळासारखं दिसतं ना? पण हिचं टोक कुणाच्या पापणीला लागलं, कुणाच्या बोटाला लागलं. आतली घाण दिसत नाही. शिवाय प्रत्येक थेंबाचं काम वेगळं. तुम्ही घातलेत ते लाली उतरवणारे होते. लाली गेली आणि रोग आत पसरला. ज्याचा डोळा तपासला, त्याच्यासाठीच चिठ्ठी आणि त्याच्यासाठीच बाटली."

भैय्याजींनी रिकामी पेटी उचलली. पेटी माळ्यावर गेली.

पुढं प्रयागबाई बऱ्या झाल्या आणि मोठ्या दवाखान्यातून मिळालेल्या थेंबांची उरलेली बाटली घेऊन डॉक्टरांकडे आल्या. म्हणाल्या, "मले गुण आला, आता कोन्या गरिबाले द्या." डॉक्टरांनी ती त्यांच्यासमोरच ओतून टाकली. बाई संतापल्या, "माह्यं पुण्य मोरीत टाकलं ना तुम्ही!"

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्यापेक्षा गरीब कुठून आणू आता? आणि त्याचा डोळा घालवू?"

मी तिथंच उभा होतो. घरी जाऊन देवापुढं बसलो, तरी मन तिथंच अडलेलं. देवाला उष्टं चालत नाही म्हणून आपण किती जपतो! मग गरिबाला उष्टं औषध देऊन आपण पुण्य कसं मागतो?

मंडळी, ती पेटी माळ्यावरून खाली आली आहे. तिला नवा रंग दिला आहे, चपलांच्या फळीशेजारी ठेवली आहे. नवा डॉक्टर मिळेपर्यंत लोकांची अडचण होऊ नये म्हणून ती उद्यापासून सुरू करायचं समितीनं ठरवलं. मी बैठकीत नको म्हणालो. माझं कुणी ऐकलं नाही. भैय्याजी, तुम्ही घड्याळाकडे पाहताय, पण मला संपवू द्या.

डॉक्टरांना आपण शाल देऊ, श्रीफळ देऊ. आणि त्यांची पाठ फिरताच त्यांनी बंद केलेली पेटी उघडू? हा कसला निरोप?

म्हणून आज सर्वांसमक्ष सांगतो. उद्या काकडआरतीनंतर मी त्या पेटीशेजारी बादली घेऊन बसेन. जो कुणी उघडी बाटली आणील, त्याच्यासमोर ती बादलीत ओतेन. शिव्या द्या, मी ऐकेन. आणि ज्याचे डोळे आले असतील, त्याला सायकलवर बसवून मोठ्या दवाखान्यात नेईन. नवा डॉक्टर येईपर्यंत माझा हाच नेम.

काय म्हणता, प्रयागबाई? जरा मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू येऊ द्या.

"माह्यासाठी बी एक बादली आन गा, रामाजी!"

ऐकलंत, भैय्याजी? आता आम्ही दोघं झालो. तिसरी बादली तुमच्यासाठी राखून ठेवतो. ज्या हातांनी रोज डबा नेला, ते हात फार दिवस दूर राहणार नाहीत, असा माझा विश्वास आहे.

डॉक्टरसाहेब, यमुताई, उमरेडला सुखानं राहा. सभेनं शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. नावं घेताना मानपान राहिला असेल, बोलताना वेळ जास्त झाला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. पेटीबद्दल जे बोललो, त्याची मात्र क्षमा मागत नाही.

नमस्कार.