डिकीतली गडगड

सांगतो काय, त्या गडगडीने माझी झोपच उडवली होती. माझा मित्र दिनू आणि मी रत्नागिरीहून गाडीने द्वारकेला निघालो होतो. वाटेत वसईला आमच्या जुन्या दोस्ताकडे, फ्रान्सिसकडे एक दिवस विसावलो, कपडे धुवायला टाकले आणि सातिवलीचं गॅरेज गाठलं.

"वळणावर मागून आवाज येतो. एक्सल तर नसेल?" मी मेकॅनिकला विचारलं.

"ऐका हो, जन्मभर फिजिक्स शिकवलंय ह्याने," दिनू म्हणाला.

मेकॅनिकने डिकी उघडली, तर स्टेपनीजवळ निघाला एक नारळ!

फ्रान्सिसने तो फोडून सुरमईच्या कालवणात घातला. आम्ही बोटं चाटत असतानाच बायकोचा फोन आला.

"तुम्ही उगाच काळजी करत बसाल म्हणून बोलले नव्हते. डिकीत नवसाचा नारळ ठेवलाय, द्वारकेला वाहायचा. नीट आहे ना?"

मी वाटीतल्या कालवणाकडे पाहिलं. "आहे. आमच्याजवळच आहे."

फ्रान्सिस उठला आणि वाडीतला टपोरा नारळ घेऊन आला. "घे रे प्रोफेसर, क्रुसापुढे ठेवून आणलाय. तुझ्या देवाला चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" दिनूच म्हणाला.

सकाळी दिनूने गाडी काढली. पहिल्याच वळणावर मागे गडगड झाली, आणि मी निर्धास्त झोपलो.