शिबिरातलं रडणं

व्हय, उपयोग झाला की! लिहा तसं, म्याडम. डॉक्टरांच्या शिक्षकांना दिलेलं ट्रेनिंग कामाला आलं का, हेच बघायला आल्यात ना तुम्ही कॉलेजकडनं? — आलं. मीच होते ना तिथं. रोह्याला शिबिर भरायचं, मी इथनं, जिते गावातनं, गाडीनं जायचे. गावच्या नाटकात कामं करायचे, म्हणून इंदुबाई नर्सनं माझं नाव दिलेलं. काम काय? रडायचं! नवरा वारलेली बाई मी, आणि समोर कॉलेजात शिकवणारा मोठा डॉक्टर — त्यानं मला ती बातमी सांगायची. आधी त्यानं शिकायचं, मंग पोरांना शिकवायचं. साईराज सर पहिल्यांदा उभ्यानंच बोलले, "पेशंट एक्स्पायर झालाय," आणि घड्याळ बघितलं. शेवटच्या खेपेला मात्र खुर्ची ओढून जवळ बसले, म्हणाले, "चंद्रावतीबाई, बातमी चांगली नाही." आवाज असा, की पदर आपसूक तोंडाला गेला माझा. मंग मागनं कुणीतरी "थांबा, झालं" म्हणायचं, की आम्ही सगळी हसायचो. चहा यायचा — घ्या ना, तुमचा निवला.

मंग एक दिवस आमच्या मालकांना, माझ्या नवऱ्याला, कंपनीत शिफ्टवरच कळ आली छातीत. दवाखान्यात नेलं, मी बाहेर बाकावर. आणि एक पोरगी आली, डॉक्टर दिपिका — साईराज सरांच्याच हाताखाली शिकलेली, मागनं कळलं. तिनं मोबाईल बंद केला. खुर्ची ओढली. "चंद्रावतीबाई," म्हणाली — आणि मला कळलं! पुढचं बोलायच्या आधी कळलं. चुकली नाय हो पोर, एका शब्दाला चुकली नाय. माझा हात धरला. आणि मी — कसं सांगू — मी शिबिरातलंच रडले. पदर तसाच तोंडाला, तोच हुंदका, "असं कसं हो, आत्ता तर जेवून गेले!" — रोह्याला म्हणायचे तेच वाक्य! आणि मंग गप बसून वाट बघत राह्यले, कुणी "थांबा, झालं" म्हणतंय का. पोरगी हात धरून बसलीच. कुणी बोललंच नाय.

लेक माझी, किमया, म्हणते, आई, रड गो मोकळी. मोकळी कशी रडू? डोळ्याला पाणी आलं की वाटतं, हे माझं का त्या बाईचं?

नाय, ट्रेनिंगला नावं ठेवू नका. ती पोर उभ्यानं सांगून गेली असती, तर मी त्या बाकावरच संपले असते. चांगलं हाय ते. चालू ठेवा.

काय? पुढल्या शिबिराला — मी?... नाय. दुसरी कुणी बघा. आणि तिला आधी विचारा, नवरा हाय का घरी. असला तर सांगा, नको येऊ म्हणून. हसू नका म्याडम. जित्या माणसावर किती वेळा रडले मी, त्यांचाच चेहरा डोळ्यापुढं आणून — दुसऱ्या कुणाचा आणला तर रडूच यायचं नाय ना! घरी येऊन त्यांना सांगायचे पण, आज झकास झालं म्हणून. ते हसायचे...

हे लिहू नका. उठा तुम्ही. किमया येईल आता, तिच्यापुढं हे नको. जा.