समोरच्या बाजूचा थांबा

नको, फोन नको. फोनचं नंतर बघू. तू एवढंच सांग, इथून या कागदावरच्या थांब्याला जाणारी बस मिळते ना? म्हणजे याच बाजूने? – विचारून घेतलेलं बरं गं. सकाळी सातला विमानातून उतरलेय, आता साडेअकरा झाले आणि मी अजून याच रस्त्यावर घिरट्या घालतेय. मघाशी तू फोनवर ‘चल, ठेवते’ म्हणालीस ना, तेव्हा मराठी ऐकून जीव भांड्यात पडला माझा. बस, बस. बॅग सरकवते.

आणि मी काही अडाणी बाई नाही हं. एकतीस वर्षं बसस्थानकावर कंट्रोलर होते – खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारते, ड्रायव्हरच्या कागदावर सुटण्याची वेळ टाकते, ती. दिवसाला शंभर-शंभर गाड्या सोडल्यात मी. आणि मला बस मिळू नये? पहिल्याच बसचा ड्रायव्हर नोट घेईना. नुसता एका पिवळ्या डब्याकडे बोट दाखवतोय – त्याला कार्ड टेकवायचं म्हणे. माझ्याकडे कुठलं आलंय कार्ड? मागे ही रांग, आणि सगळे गप्प. इथे कुणी ओरडत नाही, नुसतं बघतात, त्याने जास्त मेल्याहून मेल्यासारखं होतं. शेवटी एका म्हाताऱ्याने स्वतःचं कार्ड टेकवलं माझ्यासाठी. बसले. विमानातलं जागरण, काचेतून कोवळं ऊन – लागला डोळा. जाग आली तर समोर काय? विमानतळ. तोच दरवाजा, त्याच ट्रॉल्या. बस शहरात जाऊन परत आली आणि मला कुणी हलवलंसुद्धा नाही. कंडक्टर असता तर दोन शब्द ऐकवून उतरवलं असतं त्याने. इथे कंडक्टरच नाही, ऐकवणार कोण?

हसू नकोस, पुढे ऐक. दुसऱ्या बसचं तिकीट एका सफाईवाल्या बाईने मशीनमधून काढून दिलं. या खेपेला डोळे टक्क उघडे ठेवले. कागदावरचं थांब्याचं नाव अक्षर अक्षर जुळवत बसले. आला थांबा, मी दाराशी उभी – आणि दार उघडेचना. बटण दाबायचं असतं म्हणे. मला काय स्वप्न पडलं होतं? ते सापडेपर्यंत गाडी हलली. पुढच्या थांब्यावर उतरले, म्हटलं रस्ता ओलांडून उलटी बस पकडू, तर समोर थांबाच नाही. अर्धा तास ही बॅग ओढत आलेय, एक चाक वाटेत निखळलं. आणि वेळापत्रकं कोण लावतं गं यांची? एवढ्या बारीक अक्षरात? मी लावली असती तर निलंबित केलं असतं मला.

मुलगा घ्यायला का नाही आला? – कामावर असतो तो. म्हणजे... त्याला ठाऊकच नाही मी आलेय. पत्ता माझ्या बहिणीकडून घेतला. छे, सरप्राइज कसलं या वयात. आधी कळवलं असतं तर गप्प राहिला असता तो. ‘नको येऊस’ म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. हल्ली महिन्यातून एकदा फोन करतो – ‘बरी आहेस ना?’ ‘हो.’ ‘बरं, ठेवतो.’ दोन वर्षं झाली.

त्याचे वडील गेले तेव्हापासून. निघाला होता गं तो, मिळेल त्या विमानाने निघाला. उतरल्यावर टॅक्सी मिळेना म्हणून बस पकडली, ती निघाली भलत्याच रस्त्याची. तिथून दुसरी. त्याचा निरोप आला – आई, बसमध्ये आहे, बाबांना न्यायचं थांबवून ठेव. दीर म्हणाले, वहिनी, दोन तासांचा तर प्रश्न आहे, थांबू या. मी नाही थांबले. म्हटलं, ठरलेली वेळ ती ठरलेली वेळ. एकतीस वर्षांत मी कुणासाठी गाडी थांबवली नाही, याचा मला... याचा मला अभिमान होता, काय सांगू. तो आला तेव्हा सगळे परत येऊन अंगणात पाय धूत होते. बॅग खांद्याला, शर्ट घामाने भिजलेला. आणि मी काय म्हणाले माहितीये? सगळ्यांदेखत म्हणाले, ‘एवढा शिकलास, तुला एक बस धड पकडता आली नाही?’

ओट्यावर बसला, बुटाच्या नाड्या सोडत. कितीतरी वेळ नाड्याच सोडत होता.

हे तुला का सांगतेय मी? ओळख ना पाळख. आज त्या बंद दारापाशी उभी होते ना, थांबा मागे जात होता, आणि वाटलं – असाच उभा असेल तो, कुणाला काय विचारावं न कळून, आणि मनात एकच, की आई थांबली असेल.

दे. दे तो फोन. नंबर पाठ आहे मला, मी सांगते, तू लाव. वाजतोय?

हॅलो. अरे, मी. आई. नाही, घरून नाही. इकडेच आहे. हो, इकडेच, तुझ्या गावात. एका थांब्यावर. चुकले रे मी, दोन बस चुकल्या. ऐक, माझं तेव्हा... हो. हो. बरं, देते.

तुझ्याकडे दे म्हणतोय. थांब्याचं नाव सांग त्याला.

काय म्हणाला? हलू नकोस म्हणाला? एवढंच? आवाज कसा होता – नको, राहू दे, नको सांगूस. ती बघ, बस आली तुझी. ऊठ, जा. मी आहे इथे बसलेली. अगं जा ना, माझ्याकडे काय बघतेस.