आयोकेनंतरची

नाही नाही, त्या पोत्यावर नको बसूस, वजन करून शिवलंय ते — इकडे ये, माझ्या गोणपाटावर बस. हं. बघतेस काय अशी? मीच ती, इनावोची बायको. पहिली. तुला खाली कुंदियावा गावात त्यानं काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे — म्हातारी आहे, तिला दिसत नाही, कोपऱ्यात पडून असते. सांगितलं ना? बघ, ही म्हातारी आत्ता कपाळाला पट्टा लावून कॉफीचं पोतं डोंगरावरून घेऊन आली, आणि तो विमानातून उतरला तो मोकळ्या हातांनी. डेल्मा नाव ना तुझं? दुकानात होतीस कामाला? बरं. सुपारी आणलीस का? इथल्या थंडीत झाडच जगत नाही तिचं... असू दे, नसली तर नसली.

धुकं आहे तोवर विमान काही उठत नाही. पायलट चहा पितोय, आणि इनावो तिकडं दुकानापाशी चारचौघांना सांगत बसलाय, कशी बायको आणली ते. म्हणजे वेळ आहे. मला त्याच्याविरुद्ध काही सांगायचं नाहीये हं — माणूस वाईट नाही, हात उचलतो, पण इथं कोण उचलत नाही? मी आपलं कामाचं सांगते. लाल झालेलं फळ तेवढं तोडायचं. त्याच दिवशी यंत्रात घालून साल काढायची — दांडा हातानं फिरवायचा, खांदा भरून येतो — मग ते रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी झऱ्यावर धुवायचं, ताडपत्रीवर वाळवायचं, आणि पावसाचा थेंब पडला की असेल ते टाकून धावायचं. हे सगळं बायकांचं. पोतं शिवलं की ते पुरुषाचं. आपल्याला काय, तर झाडाखाली गळून पडलेलं वेचून घ्यायची मोकळीक. कॉफीच्या झाडांच्या एवढ्या ओळी एकटीनं कशा करते म्हणतेस? आयोके होती तोवर दोघी होतो —

आयोके कोण म्हणजे? सांगितलं नाही त्यानं? दुसरी. तुझ्याआधीची. म्हणजे तुला दुसरी म्हणून आणलं होय... अगं, तू तिसरी.

तीही अशीच विमानातून उतरली होती या पट्टीवर, नवा झगा घालून. मी कितीतरी दिवस तिच्याशी बोललेच नाही. सवत म्हणजे सवत, तिच्याशी काय बोलायचं? मग एकदा पाऊस आला आणि ताडपत्री ओढता ओढता दोघी चिखलात आपटलो — तर ही हसायलाच लागली. कॉफी भिजतेय, तो वरून ओरडतोय, आणि आम्ही दोघी चिखलात बसून हसतोय! मार पडला, दोघींना पडला. पण त्यानंतर ती माझीच झाली. बहीण म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

बाळंतपणात गेली. डोंगरात होतं तसं, दवाखाना लांब — नाही. होत नाही तसं. ऐक आता, निघालंच आहे तोंडातून तर. मूल झालं पहाटे, पण वार अडकली, रक्त थांबेना. आणि सकाळी विमान आलं, ऊन पडलेलं, आभाळ कसं स्वच्छ. पायलट उतरल्या उतरल्या विचारतो, कुणी आजारी आहे का — नेहमी विचारतो, भला माणूस आहे, पोती टाकून नेली असती त्यानं तिला. इनावो म्हणाला, कुणी नाही. हे मला पोती तोलणाऱ्या काट्यावरच्या माणसानं नंतर सांगितलं. आधीच्या दिवसांच्या धुक्यामुळं पोती पडून होती ना, बुरशी धरायला लागली होती. बाई काय, पुढच्या फेरीला जाईल. मी झोपडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, आम्हाला वाटतंय आता येतील उचलायला, आता येतील. मग आवाज आला, विमान वर चढल्याचा. ती म्हणाली, “गेलं?” मी म्हटलं, “वळून येईल.”

मुलगी जगली. एपे. माझ्यापाशीच असते, मलाच आई म्हणते. ती नसती तर मी इथं... राहू दे.

तर हे बघ. विमानात ते शेवटचं पोतं आहे ना, दाराजवळचं, ते माझं आहे. गळलेली फळं वेचून वेचून केलेलं. त्याच्या जिवावर एपेला खाली माझ्या बहिणीकडं ठेवायची होती, शाळेला. पायलटशी बोललेय मी. तो म्हणाला, ते उतरवलं तर एक बाई मावेल, बारीक असली तर. तू बारीकच आहेस. धुकं फाटतंय बघ त्या खिंडीत — ऊठ. एपेचं पुढच्या वर्षी बघेन. ऊठ, तो तिकडं बोलतोय तोवर.

का? बापानं तुझ्या बदल्यात त्याच्याकडून डुकरं घेतली म्हणून? भावाच्या लग्नात देऊनही टाकली? मग बापालाच देऊ दे ना त्याचं उत्तर — असं बघू नकोस माझ्याकडं. आणि काय? पत्र्याचं घर बांधणार आहे? कुणाच्या पोत्यांवर, माहीत आहे? अगं, मान काय हलवतेस, तोंडानं बोल... नाही? नक्की नाही?

बरं. बरं.

— हो, हो, आलो! तिला जरा पट्टी दाखवत होते. नाही, काही नाही, दमलीय ती. ते दाराजवळचं राहू दे म्हणावं पायलटला. हो, तसंच. जाऊ दे तसंच.

ऊठ आता. उजेड आहे तोवर वरच्या ओळी तोडून व्हायला हव्यात. आणि इथं नको, तो बघतोय. रडायचं असलं की झऱ्यावर जात जा, तिथं पाण्याचा आवाज असतो.