पंच्याऐंशीच्या खाली

(संत तुकाराम नगरातला एक दवाखाना, सकाळचे अकरा. कस्तुरा डायलिसिसच्या खाटेवर, डाव्या हाताला नळ्या. शेजारी स्टुलावर तिचा धाकटा भाऊ रोहिदास, चाकणच्या कंपनीतून सुट्टी टाकून आलेला.)

कस्तुरा : काटा बिघडला असंल.

रोहिदास : दोनदा चढलो, आक्का. एकदा बूट काढून, एकदा बूट घालून. बूट घालूनसुद्धा चौऱ्याऐंशी.

कस्तुरा : मंग डॉक्टर चष्मा इसरला असंल.

रोहिदास : नर्सनं वाचलं. तिला चष्मा न्हाई.

कस्तुरा : सा म्हयन्यामागं तू नव्व्याण्णव व्हतास. डॉक्टर माझ्या म्होरंच म्हनला, पंच्याऐंशीच्या खाली आल्याबिगर ह्यांची किडनी घेनार न्हाई. मी म्हनलं, सुटले. हा काय ह्या जल्मात खाली येत न्हाई.

रोहिदास : अन् ते पक्कं व्हावं म्हणून डबा चालू केलास.

कस्तुरा : कसला डबा?

रोहिदास : आक्का, मशीन अजून तीन तास चालणार हाय. तुला उठून जाता येत न्हाई. खरं बोल.

कस्तुरा : भावाला चार घास धाडले तर त्यात काय पाप हाय?

रोहिदास : पाप न्हाई. पण ज्या बहिणीनं पंधरा वर्षांत एकदा फराळ पाठवला, तोबी चिवडा उरला म्हणून, तिचा डबा दर सोमवारी अन् गुरुवारी? पहिल्या डब्यात चिठ्ठी होती, ‘डायटचे लाडू’. तुपानं निम्मी अक्षरं पुसून गेलेली.

कस्तुरा : मेथीचे व्हते. मेथी डायटमधी येती.

रोहिदास : मेथी शोधावी लागत होती. पुढच्या आठवड्यात पुरणपोळी आली. वर निरोप काय, तर साखर घातली न्हाई.

कस्तुरा : न्हाईच घातली. गूळ घातला व्हता.

रोहिदास : पहिला डबा आला तवाच मी दाजींना फोन केला होता. म्हणलं, आक्काचं काय चाललंय? दाजी म्हणले, ‘मला काय इचारू नको, मला ह्या घरात राह्यचंय.’ तवाच समजलो.

कस्तुरा : ह्या मानसाच्या पोटात पानी सुदिक ऱ्हात न्हाई. बरं, समजलं व्हतं तर डबा माघारी का न्हाई धाडलास? रिकामा यायचा, चाटून-पुसून. मी इकडं खूश, म्हनलं खातोय गडी.

रोहिदास : माघारी पाठवला असता तर तू दुसरं कायतरी काढलं असतंस. तुला वळखतो मी. म्हणून पहिलाच डबा कंपनीत नेला. आमच्या पॅकिंगला साहेबराव म्हणून हाय, बीडकडचा. त्याच्यापुढं डबा ठेवला अन् सगळं सांगितलं. दाजींना शुगर, भाच्याचं बीपी, त्यामुळं द्यायला मीच उरलोय, अन् बहीण मलाच फुगवायला निघालीय. तो काय बोलला न्हाई. एक लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला, मग झाकण लावून म्हणला, आजपासून हा डबा तुझा न्हाई, लाइनीचा. तवापासून सोमवार-गुरुवार दहाच्या चहाला अकरा माणसं तुझी वाट बघत बसायची. तुला कुणी बघितलं न्हाई, पण तुझा हात अख्खी पॅकिंग लाइन वळखती.

कस्तुरा : अकरा जनं? म्हनून पोळ्या कमी पडत्यात असा निरोप यायचा व्हय. मी बापडी वाढवत गेले.

रोहिदास : तो निरोप साहेबराव लिहायचा.

कस्तुरा : आन् ते खात असताना तू काय खायाचास?

रोहिदास : काकडी. त्यांच्यापासून चार हात लांब बसून. वास यायचा, ते काय सांगू तुला.

कस्तुरा : नुसत्या काकडीनं येवढं उतरत न्हाई.

रोहिदास : न्हाई ना. ऑफिसात उत्कर्षा म्हणून एक इंजिनियर हाय, पिंपळे सौदागरची, माझ्या पोरीपेक्षा, तनुजापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठी. जेवणाच्या सुट्टीत ती शेडभोवती चालती. तिनं मला बरोबर घेतलं. पहिल्या दिवशी तिसऱ्या फेरीला मी कठड्यावर बसलो. वाटलं, ही हसणार. म्हणली, काका, बसा निवांत, उद्या चार मारू. तिच्या त्या ‘उद्या’नं माझा जीव घेतला. सतरा फेऱ्यांपर्यंत नेलं मला पोरीनं. पावसात छत्री धरून नेलं.

कस्तुरा : आन् वजन कुटं करायचास? घरी तर काटा न्हाई तुज्या.

रोहिदास : खोकी तोलायचा मोठा काटा हाय, त्याच्यावर. दर शनिवारी. वजन केलं की मशीनमधनं स्टिकर निघतं, ते साहेबराव माझ्या पाठीवर डकवायचा. एका शनिवारी मी तसाच घरी गेलो. जयमालानं वाचलं अन् म्हणली, तुम्हाला पाठवायचंय कुठं?

कस्तुरा : हसवू नको. हात हालतो.

रोहिदास : हालू देऊ नको. आणखी ऐक. माझं उतरलं अन् साहेबरावचं सहा किलो चढलं. त्याच्या बायकोला संशय. घरी ह्यो दर सोमवारी म्हणायचा, आज कस्तुराचा डबा हाय. शेवटी तिनं मला फोन करून विचारलं, ही कस्तुरा कोण? मला सांगावं लागलं, वहिनी, ती माझी साठीची बहीण हाय.

कस्तुरा : सत्तावन. साठी कुटनं काढलीस?

रोहिदास : तिची खात्री पटावी म्हणून वाढवून सांगितलं.

कस्तुरा : म्हंजी माझा सगळा डाव वाया गेला.

रोहिदास : जिंकत आली होतीस, आक्का. चौथ्या महिन्यात काटा एक्क्याण्णववर अडकला. तीन शनिवार तसाच. भाकरी अर्धी केली, भात सोडला, काय फरक न्हाई. त्या तिसऱ्या शनिवारी शिफ्ट सुटल्यावर तळेगाव चौकात गाडी लावली अन् उभ्या उभ्या सहा वडापाव खाल्ले. सहावा खाताना चव पण लागत नव्हती. सोमवारी तुझा डबा घेऊन गेलो अन् साहेबरावला म्हणलं, आज मी पण खाणार, माझ्यानं काय हे होत न्हाई. उत्कर्षाला पण सांगून आलो, आजपासून थांबू नको.

कस्तुरा : मंग?

रोहिदास : त्यानं डबा दिला. हातात दिला, अडवलं न्हाई. शेजारी बसला अन् म्हणला, ‘माझ्या भावाला तीन वर्षं मशीन लागली होती, रोहिदास. घरात आम्ही सात जण. कुणीच पुढं झालं न्हाई, त्या सातात मी पण होतो. भ्यालो मी. तुला द्यायचंय अन् नुसतं वजन आडवं येऊ लागलंय. वजनच हाय ना? ते उतरतं.’

कस्तुरा : भावाचं काय झालं?

रोहिदास : ते मी विचारलं न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई. डबा बंद केला अन् दुपारी शेडकडं गेलो. पोरगी उभी होती. मी नको म्हणलेलं तिनं ऐकलंच नव्हतं म्हणे.

कस्तुरा : केवढा व्हता त्येचा भाऊ?

रोहिदास : माझ्याएवढा.

कस्तुरा : म्हंजी लहानच की.

रोहिदास : आक्का, एकदा सांग. तुला मशीन आवडती का?

कस्तुरा : आवडंल कशी. तान लागली तर घोट मोजून प्यावा लागतो. पर तुला कापायचं, ते बी माझ्यापायी? उद्या तुला कायबी झालं तर जयमालाला काय तोंड दावू? तोंडानं चारदा न्हाई म्हनले, तू आईकलं न्हाईस. मंग बाईमानसाच्या हातात काय ऱ्हातं? कढई.

रोहिदास : जयमालानं सही केलीया. तनुजानं डॉक्टरला तासभर धरून बसवलं, एवढे प्रश्न विचारले की तो घामाघूम झाला. सगळ्यांची भीती विचारून झालीय, आक्का. फक्त तुझंच ‘व्हय’ राहिलंय. न्हाई म्हणलीस तर मी जबरदस्ती करणार न्हाई. पण मग न्हाई तोंडानं म्हण, माझ्याकडं बघून. तुपानं नको.

कस्तुरा : लई शाना झालास.

रोहिदास : पंधरा किलोचा.

कस्तुरा : कवाची तारीख म्हनतोय डॉक्टर?

रोहिदास : अजून दोन तपासण्या हायेत. पुढच्या महिन्यात, पहिल्या बुधवारी. दोघांना एकाच सकाळी आत नेणार.

कस्तुरा : एकाच खोलीत?

रोहिदास : न्हाई. मी एका खोलीत, तू पलीकडच्या.

कस्तुरा : मधी दार असंल ना?

रोहिदास : असंल की.

कस्तुरा : मंग भूल चढंस्तवर ते उघडं ठिवायला सांग.