पातळ पत्र्याचा ट्यूबा

वाद्यांच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे तो मोठा पितळी कर्णा, वाजवणारे. त्यांचा जुना ट्यूबा दुरुस्तीपलीकडे गेलेला, म्हणून नवा बघत होते.

“हा स्वस्तातला बरा आहे.”

“अहो, पत्रा किती पातळ! अंगठ्यानं दाबला तरी आत जातोय.”

“मग दाबू नकोस.”

“कळाही अडकतात. त्या महागड्याच्या बघा, कशा अलगद खालीवर होतात.”

“दुप्पट किंमत आहे त्याची.”

“दहा वर्षांची हमी देतायत. याची दोनच.”

“अगं, पंचाहत्तरी झाली माझी. दोन वर्षांनंतर फुंकणार कोण?”

“तुम्हीच.”

“डॉक्टरांना विचारलंस का?”

“त्यांना कशाला विचारायचं? भाऊ, तो दहा वर्षांचा बांधा. आणि हमीपत्रावर यांचं नाव नीट, ठळक लिहा.”