आहे तसं वाचा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. आजींच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आजोबांच्या मांडीवर वाचनालयाच्या दोन कादंबऱ्या.

“खून माळ्याने केला म्हणता?”

“तसंच लिहिलंय गं.”

“डोंबलाचा माळी! तेव्हा तो तुरुंगात होता, तुम्हीच वाचून दाखवलंत. मी पहिल्यापासून ओरडतेय, खुनी नवराच आहे.”

“लेखक चुकला असेल.”

“आणि दुसऱ्या कादंबरीतलं ते अंतराळयान? इंधन नवव्या प्रकरणातच संपलं. मग पोरगी घरी कशी पोचली? ढकलत आणलं?”

“हळू बोल, लोक बघतायत.”

“बघू देत, त्यांना दिसतंय तरी! खरं सांगा, ती परत येतच नाही ना?”

“नाही. तिकडेच राहते, एकटी.”

“आणि खुनी?”

“नवराच.”

“मग मला काय कुक्कुलं बाळ समजलात?”

“तुला झोप लागत नव्हती. म्हटलं, शेवट तरी गोड करावा.”

“कुणी सांगितला होता आगाऊपणा? दोन्ही कादंबऱ्या नासवल्यात. पट्टी डोळ्यांवर आहे माझ्या, डोक्यावर नाही!”

“चुकलं. यापुढे आहे तसं वाचेन.”

आजींनी चाचपडत आजोबांची बाही धरली.

“अहो, मागच्या वेळी डॉक्टरांनी तुम्हाला एकट्यालाच आत बोलावलं होतं.”

“हो.”

“पट्टी निघाली की स्पष्ट दिसेल, असं म्हणाले ना ते? की तेही तुमचंच?”

“चल, ऊठ. आपला नंबर आला.”

“सिस्टरने आत्ता सत्तावीस पुकारला. आपला एकतीस आहे. बोला.”